पथ्याचं बदक

हिंजवडीशेजारच्या माणच्या बायडाबाईला पाण्याचं भय कधीच नव्हतं. मुळशीकडची पोर ती. भातखाचरात गुडघाभर चिखलात लावणी करत वाढली, आणि लग्नाआधी विहिरीत मुटका मारायची, असं तिचा भाऊ अजूनही चारचौघांत सांगतो. अशी ही बाई साठीला टेकल्यावर एका प्लास्टिकच्या बाटलीला भ्यायला लागली. बाटली साधीच, फक्त पाऊण लिटरच्या जागी काळ्या शाईची रेघ ओढलेली. रोज सकाळी ती रेघेपर्यंत पाणी भरायची आणि बाटली नवऱ्याच्या उशाशी ठेवायची. दिवसाचं पाणी एवढंच. चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून काढून कुंडीत ओतायचं, दूध दिलं की ओतायचं, ताकाचंही तसंच.

नवरा म्हणजे मच्छिंद्रअण्णा. त्याला साखर होती. ती त्यानं ‘काय व्हत न्हाय’ म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढली आणि शेवटी तिनं दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. मशीन रक्तातली घाण काढतं आणि अंगात साचलेलं पाणीही काढतं. मधल्या दिवसांत मात्र प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ते पायांवर येतं, डोळ्यांखाली येतं, आणि फार झालं तर छातीत शिरतं. छातीत शिरलं की माणूस कोरड्या खोलीत, गादीवर बसल्या जागी बुडतो, असं डायलिसिसला येणाऱ्या एका पेशंटच्या बायकोनं बायडाबाईला बाकावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस तसाच गेला होता. सांगणारीचं काय जातंय, ती सांगून मोकळी झाली. इकडे दुपारी अण्णाचा डोळा लागला तरी बायडाबाई कामधाम सोडून त्याच्या छातीकडे बघत बसायची.

आता ही बायडाबाई कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आयटी पार्कात जमीन गेली तेव्हा माणमधल्या पुष्कळांनी गाड्या घेतल्या. अण्णानं चार मजली इमारत बांधली आणि खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. घरात भाडं यायला लागलं, शेत राहिलं नाही, मग बायडाबाईनं करायचं काय? हात बांधून बसणाऱ्यातली ती नव्हे. तिनं तळमजल्यावर खानावळ काढली. पोरं तिला मावशीची मेस म्हणायची, आणि लांब आयटी पार्काच्या फेज वनमधून ट्रॅफिक तुडवत जेवायला यायची.

मेसचे नियम कडक होते. चपात्या मोजून. मटणाचे पीस मोजून. भात एक मूद, दुसरी मागितली तर वेगळे पैसे. रस्सा तेवढा मोजायचा नाही. रस्स्याचं पातेलं बाकावर, डाव त्यातच, ज्यानं त्यानं आपल्या हातानं ओतून घ्यायचं. एकदा नागपूरकडच्या एका नव्या पोरानं भीत भीत विचारलं, "मावशी, रस्सा परत मिळेल का?" तर बायडाबाईला तो अपमान वाटला. "रस्सा मागून घेतोस व्हय रे? वत की! रस्स्याला कुणी न्हाय म्हनतं का?" असं तिनं सगळ्या मेससमोर त्याला झापलं. अण्णाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मेस बंद झाली. पण जुनी पोरं चौकात भेटली की अजून तोंडाला पाणी सुटल्यासारखं करतात, आणि तेवढ्यापुरती बायडाबाईची मान ताठ होते.

तर पाण्याची भीती ही एक. दुसरी भीती अशी की अण्णा जेवेना. त्याच्या तोंडाची चव गेली होती. काहीही घातलं तरी तोंडात खिळे धरल्यासारखं लागतं म्हणायचा. त्यात जेवण अळणी. गालफडं बसली, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली. डायलिसिसच्या तिथे शेफाली नावाची आहारतज्ज्ञ होती, सव्वीस-सत्तावीसची मुलगी, बोलायला गोड. तिनं रिपोर्ट बघितला आणि गोड बोलणं जरा बाजूला ठेवलं.

"काकू, मशीनमधून प्रोटीन निघून जातं. ते भरून काढायला काकांनी इतरांपेक्षा जास्त खायला पाहिजे, आणि काका तर खातच नाहीत. रक्तातलं प्रोटीन घसरलंय. असंच घसरत गेलं तर त्यांना हे डायलिसिस झेपणार नाही."

"झेपनार न्हाय म्हंजे?"

शेफालीनं रिपोर्टमधल्या घसरलेल्या आकड्याखाली पेनानं रेघ ओढली. प्याला तरी मरण, न खाल्लं तरी मरण. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण बायडाबाई उभ्या जन्मात शंभरदा बोलली असेल, तिचा अर्थ तिला त्या बाकावर कळला.

मग सुरू झाली खाण्यासाठी मनधरणी. अंड्याचा पांढरा भाग उकडून दिला, अण्णानं गालात धरला आणि मोरीत थुंकला. चिकन सुकं केलं, म्हणाला, "पोल्ट्रीचा वास मारतोय." मासे आणले, ताट सरकवून दिलं. बायडाबाई आधी गोड बोलायची, मग चिडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसायची. "लहान पोर असतं तर नाक दाबून भरवलं असतं," ती सुनेला म्हणाली. सून तेजस्विनी फेज टूमध्ये नोकरीला होती. मुलगा विश्वजीत कंपनीच्या कामानं बंगळुरूला, त्यामुळे घरात काय ते या दोघी आणि अण्णा.

एका दुपारी अण्णा खिडकीतून बाहेर बघत आपणहून म्हणाला, "बदक असतं तर खाल्लं असतं."

बायडाबाई हातातलं काम टाकून उठली. "काय म्हनाला?"

"आई करायची. ओढ्याला बदकं व्हती आपली. शेवया उकडायची आन् त्याच्यावर बदकाचं कालवण वतायची. पातळ." तो थांबला. "ते खाल्लं असतं."

खाल्लं असतं! कित्येक महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं नव्हतं. पण बाई हुरळून गेली नाही. भीतीनं तिला आता सवय लावली होती, आधी विचारायचं आणि मग चूल पेटवायची. संध्याकाळी तेजस्विनी आल्या आल्या तिनं तिला फोनवर शोधायला बसवलं.

"आई, हे बघा, डक नूडल्स," तेजस्विनी वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "एका बोलमध्ये... अगं बाई. दिवसाला जेवढं मीठ चालतं त्याच्यापेक्षा जास्त मीठ आहे यात. फॅटसुद्धा बेक्कार आहे."

बायडाबाईनं छातीवर हात ठेवला. "ठेव तो फोन. मरू दे ते बदक."

"थांबा हो. हे हॉटेलमधलं आहे, सॉसबिस घातलेलं. आपण घरी करणार त्याचं वेगळं असेल. मॅडमना विचारू ना."

शेफालीनं फोनवर आधी खात्री करून घेतली की बदकच म्हणताय ना. मग म्हणाली, "चालेल की. कातडी मात्र काढून घ्या, चरबी सगळी तिथे असते. नुसतं मांस घेतलं तर प्रोटीन चिकनच्या तोडीचं, शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम. लोहसुद्धा चांगलं. शेवयांमधून ताकद येईल, थोडं प्रोटीनही येईल. पण काकांना साखर आहे, शेवया वाटीभरच. मीठ कशातच नको. टोमॅटो नको, सुकं खोबरं नावाला. आणि पाण्याचं जपताय ना काकू?"

"बाटलीतलंच देते. थेंब इकडचा तिकडं न्हाय."

"छान," शेफाली म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई चौकातल्या मैनुद्दीनच्या चिकनच्या दुकानात गेली. मैनुद्दीन मेसला कोंबड्या पुरवायचा, त्यामुळे घरोबा होता. बदक म्हटल्यावर त्यानं सुरी खाली ठेवली. "वहिनी, बदक आता कोण खातं? हडपसरच्या पलीकडे एक जण पाळतो, त्याला सांगावं लागेल." सांगितलं, बदक आलं. मैनुद्दीन साफ करायला बसला तर ही म्हणते, कातडी काढ. "अहो, सगळी मजा कातडीत असते," मैनुद्दीन कळवळला. "मजा नको मला, प्रोटीन पायजे," बायडाबाई म्हणाली. मैनुद्दीननं तिच्याकडे असं बघितलं, जणू प्रोटीन-प्रोटीन करणाऱ्या पोरांसारखी ही बाई पण कंपनीत लागली. पण अण्णासाठी आहे म्हटल्यावर त्यानं चरबीची तार न् तार काढून दिली.

शेवया तिनं घरी केल्या. पिठात मीठ न घालता शेवया करायला तिचा हात धजेना, सवयीनं दोनदा मिठाच्या डब्याकडे गेला आणि दोनदा मागे आला. यंत्रातून काढून गच्चीवर, पोरांच्या वाळत टाकलेल्या जीन्सच्या शेजारी, साडीवर पसरल्या. मग बदक. मांसाला आधी एक उकळी काढून ते पाणी फेकून दिलं, कारण तसं केल्यानं रक्तात साचणारं ते पोटॅशियम थोडं कमी होतं असं शेफालीनं मागे कधी सांगितलं होतं. कांदा, आलं, भरपूर लसूण, मिरी, भाजलेलं जिरं. खोबरं नावालाच म्हटल्यावर कालवण दाट होईना. तेव्हा तिनं मेसची युक्ती केली, आधण ओतलं, मंद आचेवर तासभर ठेवलं, आणि बदकाचा सगळा अर्क त्या पाण्यात उतरू दिला. मिठाची उणीव लसणीनं आणि लिंबाच्या चार थेंबांनी झाकली. वास इमारतभर गेला. दुसऱ्या मजल्यावरचा एक पोरगा खाली डोकावून "मावशी, मेस चालू?" असं विचारून गेला.

अण्णा जेवला. अहो, जेवला! वाटीभर शेवया, बदकाचे तुकडे, वर रस्सा. पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग मान खाली घालून असा जेवला की बायडाबाईला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना. "रस्सा घाल," तो म्हणाला. तिनं घातला. "शेवया पिऊन टाकतात गं रस्सा. अजून घाल." तिनं अजून घातला. हातात मेसचाच डाव होता आणि हाताला सवयही मेसचीच होती. तुकडे तिनं शेफालीनं सांगितल्याप्रमाणे वजन करून घेतले होते, शेवया वाटीनं मोजल्या होत्या. रस्सा मोजायचा असतो हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. बाटली उशाशी होतीच, तिच्यावर तिची बारीक नजर होती.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा बदक. मधल्या दिवशी तेच कालवण ऊन करून. मैनुद्दीन आता आपणहून निरोप पाठवायला लागला. आणि दुसरा चमत्कार असा की संध्याकाळी अण्णाच्या बाटलीत पाणी उरायला लागलं. आधी चार वाजताच कोरडी पडणारी बाटली, तिच्यात आता तीन-तीन घोट शिल्लक. बायडाबाई ती बाटली उजेडात धरून सुनेला दाखवायची. "बघ, सोसायला शिकले. चांगलं खाल्लं की तहान बी कमी लागती." तेजस्विनीला ते पटलं. महिन्याभरानं रक्त तपासलं तर प्रोटीन किंचित का होईना, वर चढलं होतं. शेफालीनं काकूंचं कौतुक केलं, आणि काकू लाजल्या.

पण भीती अशी सहजासहजी घर सोडत नाही. एका शुक्रवारी डायलिसिसच्या आधी श्यामला सिस्टरनं अण्णाला काट्यावर उभं केलं आणि भुवया वर केल्या. "काका, वजन बरंच जास्त आलंय हो. पाणी जास्त झालं का?"

"पानी न्हाय ओ सिस्टर," बायडाबाईच मध्ये बोलली. "पानी उरतंय उलट. खायला लागल्यात आता, अंगाला लागतंय."

अण्णा मान खाली घालून काट्यावरून उतरला. सिस्टरच्या मागे तीन पेशंट ताटकळत होते, तिनं मशीनवर जास्तीचं पाणी काढायचं लावलं आणि पुढे गेली. बायडाबाई बाकावर येऊन बसली, तोंडानं म्हटलेलं वाक्य मनात घोळवत. अंगाला लागतंय. मग पाय का असे दिसतात? परवा चप्पल चढेना त्याला. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं होतं तर खळगा पडला होता आणि तो भरून यायला वेळ लागला होता. "पायावर सूज हाय का ओ?" तिनं तेव्हाच विचारलं होतं. "बसून बसून व्हतं तसं," तो म्हणाला होता. आणि तिनं ते मानून घेतलं, कारण मानून घ्यायचं होतं. इतक्या महिन्यांनी माणूस पोटभर जेवतोय, आता यात खोट काढायची कुणी?

शुक्रवार ते मंगळवार हा लांबचा पल्ला. त्या रविवारी बायडाबाईनं बदक केलं, सोमवारी उरलेलं ऊन केलं. रविवारी संध्याकाळीच अण्णा उताणा झोपेना, उशीला उशी लावून बसता झाला. सोमवारी जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबला. "गॅस झालाय," म्हणाला. मंगळवारी सकाळी ती चहा घेऊन गेली तर तो खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात रोवून, पुढे वाकून बसलेला. तोंड उघडं. प्रत्येक श्वासाबरोबर आतून पाणी खदखदल्यासारखा आवाज. बोलायला गेला तर शब्दच पुरा होईना.

कप जमिनीवर ठेवून ती दाराकडे धावली. "तेजू! तेजूऽ, गाडी काढ!"

सकाळचे नऊ. हिंजवडीत सकाळी नऊ वाजता गाडी काढणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. समोरून कंपन्यांच्या बसेसची रांग, मध्ये दुचाक्या घुसलेल्या, मेट्रोच्या खांबांखाली सगळा रस्ता तुंबलेला. तेजस्विनी हॉर्नवरचा हात काढत नव्हती, मध्येच काच खाली करून ओरडत होती, "पेशंट आहे हो, पेशंट आहे!" एक बसवाला बाजूला झाला, दुसरा झाला नाही. मागच्या सीटवर बायडाबाई अण्णाला पाठीमागून धरून बसली होती. त्याचे ओठ काळपट पडले होते. बाकावरच्या त्या बाईचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. माणूस कोरड्या खोलीत बुडतो. "आवं, दम धरा. आलंच. आलंच बघा," ती म्हणत होती, आणि समोरच्या बसच्या मागची जाहिरात जागची हलत नव्हती. असलं नसलं तेवढं सगळं तिनं देवाला कबूल करून टाकलं.

पोचले. ऑक्सिजन लावला, धावपळ झाली, मशीन जोडलं. बायडाबाईला बाहेर काढलं. तासाभरानं श्यामला सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, थोडक्यात निभावलं. छातीत पाणी झालं होतं, आता निघतंय, श्वास सुधारतोय. बायडाबाईनं समोरच्या भिंतीलाच हात जोडले. शेफाली तिथे आली होती, तिनं तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

"काकू, इतकं पाणी कुठून आलं?"

"बाटलीतलंच व्हतं गं पोरी. देवाशपथ. उरलंय, घरी चल, दावते."

"चहा? दूध?"

"काढते की त्यातनं. तुमीच सांगितल्यालं."

"बरं, काल काय जेवले?"

"बदक. शेवया वाटीभर. मांस वजन करून."

"आणि रस्सा?"

"घेतला की."

"किती?"

बायडाबाईनं दोन्ही हातांनी वाडगा दाखवला. मग बोटं दाखवली, तीन, आणि जरा विचार करून चौथं. "दुपारचा. संध्याकाळचा येगळा."

शेफालीनं कपाळावर हात मारला नाही, आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "काकू, रस्सा म्हणजे पाणीच ना. चूक माझी आहे, मी स्पष्ट विचारायला हवं होतं."

बायडाबाईच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. रस्सा म्हणजे पाणी. आधण तर तिनंच ओतलं होतं, तांब्यानं, डोळ्यांदेखत. सकाळी एक घोट चहासाठी एक घोट कुंडीत ओतणारी ती, आणि दुपारी त्याच हातानं डावावर डाव. ज्या रस्स्याचा आयुष्यभर टेंभा मिरवला, त्यानंच नवऱ्याला गळ्यापर्यंत बुडवलं. "म्याच घातलं," ती म्हणाली. "म्याच मारत व्हते त्यांना." तेजस्विनी तिला जवळ घ्यायला गेली, तिनं तिचा हात झिडकारला.

बऱ्याच वेळानं तिला आत सोडलं. अण्णा टेकून बसला होता, हातातून रक्ताच्या नळ्या मशीनकडे गेलेल्या. चेहरा उतरलेला, पण श्वास धड चालला होता. बायडाबाई खाटेशी उभी राहिली आणि भडाभडा बोलली. रस्स्याचं, आधणाचं, मेसच्या सवयीचं. "मला अडाणीला कळलं न्हाय. कालवण म्हंजे जेवान, एवढंच मला ठावं. माझ्याच हातानं..."

"बायडे," अण्णा म्हणाला. "मला ठावं व्हतं."

"काय?"

"रस्सा मोजायचा असतो. पहिल्याच दिवशी त्या मशीनवाल्या पोरानं सांगितल्यालं. तू बाहेर औषधं आनायला गेलीवतीस."

तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला, दोन-तीन शब्दांवर थांबत. "बदकाचं काय न्हाय गं. तहान लागायची. म्हंजे अशी, की जीभ टाळ्याला चिकटायची. पानी मागितलं की तुझा चेहरा असा व्हायचा... मग मागवंना. भाकरीला रस्सा घेऊन घेऊन किती घेनार? शेवया पितात रस्सा, म्हनून शेवया. बाटलीतलं उरवायचो, तुला बरं वाटावं म्हनून."

बायडाबाईला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिला इतका संताप आला की तिथली सलाईनची बाटली फोडावीशी वाटली. "मेला असता की! तिथं गाडीत माझ्या मांडीवर मेला असता! आन् मला काय वाटलं असतं जल्मभर? म्या मारला!" तिचा आवाज चढला, पलीकडच्या खाटेवरचा पेशंट वळून बघायला लागला. "आन् म्या खुळी, मला वाटलं माझ्या हाताची चव..." लाज वाटावी अशी गोष्ट होती, पण खरी होती. मरता मरता वाचलेल्या नवऱ्यासमोर तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं ते हे, की तो तिचं बदक नाही, पाणी खात होता.

"चव लागली पहिल्या दिवशी," अण्णा म्हणाला. "खोटं कशाला बोलू. आईची आठवन आली. मग पुढं नुस्तं वलं लागायचं. तेवढ्यासाठीच जेवायचो."

ती स्टुलावर बसली. मशीन आपलं फिरत होतं. एवढ्या दिवसांत तिनं त्याला काय काय विचारलं होतं. काय खाणार, किती खाल्लं, गोळी घेतली का, पाय दुखतो का. तहान किती लागते, हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची. तो हो म्हणाला असता तर पुढे काय करणार होती ती?

"म्हनायचं तरी," ती म्हणाली.

"म्हनलं असतं तर दिलं असतंस?"

बायडाबाईनं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "न्हाय."

"मग?"

"घरी गेल्यावर बदक करीन. ते मांस सोडायचं न्हाय, त्यानं रक्त सुधारलंय तुमचं. सुकं करीन. शेवया वरनं परतून. एक पळी रस्सा, तीबी बाटलीतनं वजा करून. वाढनारी मी, मोजनारी मी. वर मागायचं न्हाय."

"आन् तहान लागली तर?"

"तर मला सांगायचं." तिनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "म्या देनार न्हाय. पन सांगायचं मला. लपवायचं न्हाय."

अण्णानं कोरड्या ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. "मग आत्ताच सांगतो," तो म्हणाला. "लागलीय."

"किती?"

"लई."

तिनं पाणी दिलं नाही. स्टूल खाटेला चिकटवून घेतलं, सुई नव्हती तो त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाली, "सांगा. कशी लागती ते सांगा मला." आणि तो सांगायला लागला.